‘काहीच घडत नाही’ असं परीक्षणात वाचलं, तर चित्रपटात नेमकं काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा. जळगावातलं एक छोटं चित्रपट मंडळ लँड आर्ट, म्हणजे दगड-माती घेऊन थेट जमिनीवर केली जाणारी कला, करणाऱ्या एका स्त्री कलावंतावरचा एक संथ, कमी खर्चातला स्वतंत्र कथापट दाखवणार आहे. समीक्षकांनी कौतुक बरंच केलंय, पण त्याच परीक्षणांत ‘फार संथ’, ‘दोन तास दगड रचताना बघायचे’ अशी कुरकुरही आहे. एका संकेतस्थळावर समीक्षकांची पसंती ८६ टक्के आणि दुसरीकडे प्रेक्षकांचे गुण १० पैकी ५.८. कुणाचं खरं मानायचं? आणि मंडळाच्या अंकात स्वतःचं परीक्षण द्यायचं तर काय बघून लिहायचं?

आधी आकड्यांचं बघू. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. किती समीक्षकांनी एकंदरीत होकार दिला, एवढंच ती सांगते. पाचपैकी तीन तारे देऊन ‘एकदा बघायला हरकत नाही’ म्हणणारा आणि पाचपैकी पाच देऊन डोक्यावर घेणारा, दोघांचं मत तिथे सारखंच धरलं जातं. त्यामुळे कुरकुर आणि ८६ टक्के एकत्र नांदू शकतात. त्यातच मोठ्या चित्रपटाला तीन-चारशे परीक्षणं मिळतात, अशा चित्रपटाला चौदा-पंधरा. चौदापैकी बाराजण हो म्हणाले की ८६ होतात. त्यातला एक फिरला की थेट ७९. मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ शंभरपैकी भारित सरासरी (काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन देऊन) काढतं, त्यामुळे तिथला आकडा जास्त बोलका असतो. पण तोही निदान चार परीक्षणं जमल्याशिवाय दिसत नाही, आणि चार-पाच परीक्षणांवरच्या सरासरीला वजन ते कितीसं असणार. प्रेक्षकांच्या ५.८ मध्ये ट्रेलर बघून भलतीच अपेक्षा घेऊन आलेल्यांचा वाटा मोठा असतो. संथ चित्रपटाचा ट्रेलर संथ ठेवायची हिंमत वितरक सहसा करत नाहीत. त्यातली दोन भांडणं आणि एक रडणं सलग जोडलं की कौटुंबिक नाट्य वाटतं, आणि मग घरी सोफ्यावर बसलेला माणूस चाळिसाव्या मिनिटाला वैतागतो.

आकड्यांपेक्षा परीक्षण कुठून आलं ते बघा. महोत्सवातून आलेलं परीक्षण बहुतेक वेळा दिवसातला तिसरा-चौथा चित्रपट बघून त्याच रात्री लिहिलेलं असतं. दमलेल्या माणसाला शांत चित्रपट एक तर औषधासारखा वाटतो, नाही तर झोप आणतो. दोन्ही टोकांची मतं तिथूनच निघतात. व्हरायटी, स्क्रीन इंटरनॅशनल, हॉलिवूड रिपोर्टर ही धंद्याची पत्रं. त्यांचा वाचक चित्रपट विकत घेणारा, म्हणून ‘प्रेक्षकवर्ग मर्यादित’ असं तिथे लिहिलेलं असलं तर ती बाजारातली बातमी समजा. दोष दाखवायचा म्हणून ते वाक्य आलेलं नसतं. प्रदर्शनाच्या आठवड्यात दैनिकात आलेलं परीक्षण त्यातल्या त्यात निवांत असतं, पण त्याला जागा चारशे शब्दांची आणि त्यातले दोनशे कथानकात जातात.

आता एक खटाटोप करा, वाया जाणार नाही. आठ-दहा परीक्षणं छापून घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. चित्रपटाबद्दलची वाक्यं, म्हणजे छायांकन, संकलन, ध्वनी, अभिनय, एका रंगाने. कलावंत या पात्राबद्दलची, म्हणजे तिचा स्वभाव, तिची मुलगी, तिचं आजारपण, दुसऱ्या रंगाने. आणि ती जे काम करते त्याबद्दलची तिसऱ्या रंगाने. बहुतेक परीक्षणांत दुसरा रंग पसरलेला दिसेल आणि तिसरा कुठेतरी एखाद्या ओळीत. ‘तिच्या मनाचा थांग लागत नाही’, ‘पात्र दूरचं वाटतं’ ही तक्रार नेमकी अशाच परीक्षणांत येते. आठ-आठ तास दगडाशी बोलणाऱ्या बाईचं मन तिच्या कामात नाही तर कुठे दिसणार? कामाकडे न बघता मन दिसत नाही म्हणणं, हा या जातीच्या चित्रपटांच्या समीक्षेतला सगळ्यात नेहमीचा घोटाळा. उलट बाजूने, कलाविषयक मासिकांत लिहिणारे पडद्यावरच्या कलाकृतीलाच नावं ठेवतात: हे काम कुठल्याही दालनाने घेतलं नसतं, मग सगळे तिला थोर का म्हणतात? ती तक्रार ऐकण्यासारखी असते. अशा चित्रपटाचा निकाल पटकथेत कमी लागतो, हाताखालच्या कामात जास्त.

म्हणून परीक्षण लिहिणाऱ्याला लँड आर्टची जुजबी माहिती हवीच. ऑक्टोबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ड्वान गॅलरीत ‘अर्थ वर्क्स’ हे प्रदर्शन भरलं, तिथून या मंडळींना एकत्र नाव मिळालं. रॉबर्ट स्मिथसनने १९७० मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर ‘स्पायरल जेटी’, म्हणजे पाण्यात गोल वळत जाणारी दगडी वाट, बांधली. लांबी सुमारे १५०० फूट, रुंदी १५ फूट, सहा हजार टनांहून जास्त दगडमाती. डंपर आणि लोडर लावून काही दिवसांत झालेलं काम, जागा राज्य सरकारकडून वर्षाला १०० डॉलर भाड्याने. दगड कोणता? काळा बसाल्ट. खान्देशातल्या प्रेक्षकाला तो परका नाही, आपल्या पायाखालचाच आहे. काही वर्षांतच ती तळ्याच्या पाण्यात बुडाली आणि २००२ च्या सुमारास दुष्काळात पुन्हा वर आली. मायकेल हायझरने १९६९-७० मध्ये नेवाडातल्या पठाराच्या कडेत दोन समोरासमोर चर खोदले, २ लाख ४० हजार टन खडक हलवून. रिचर्ड लाँग याच्या अगदी उलट टोकाला: १९६७ मध्ये गवतात एका सरळ रेषेत पुन्हा पुन्हा चालला, गवत दबलं, त्याचा फोटो काढला, झालं काम. पुढे याच लाँगचं आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं काम २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला एकत्र मांडलं गेलं होतं. ॲग्नेस डेनेसने १९८२ मध्ये मॅनहॅटनच्या भरावाच्या जमिनीवर २०० ट्रक माती टाकून, २८५ सऱ्या हाताने काढून दोन एकर गहू केला. उत्पन्न हजारभर पौंड, म्हणजे साडेचार क्विंटलच्या आसपास. यावल-रावेरचा बागायतदार हा उतारा ऐकून हसेल, पण शेजारी जगातल्या सगळ्यात महागड्या जमिनींपैकी एक होती, आणि तिथे गहू पेरणं हाच त्या कामाचा मुद्दा होता.

यातून समीक्षकाला काय मिळतं? एक तर पडद्यावरची कलावंत कोणत्या वाटेची आहे ते कळतं. यंत्र लावून डोंगर हलवणारी, की हाताने पानं-काटे-दगड मांडून वाऱ्यावर सोडणारी? पहिल्या वाटेच्या कलावंतावरचा चित्रपट पैसा, परवानग्या, मजूर आणि अहंकार यांच्याबद्दल असायला हवा. दुसऱ्या वाटेचा असेल तर हवामान आणि चिकाटी. दिग्दर्शकाने दोन्हींची खिचडी केली असेल तर चित्रपट गोंधळतो, आणि परीक्षणात तो गोंधळ ‘सूर सापडत नाही’ एवढ्याच शब्दांत येतो. दुसरं असं, की ही कला बहुतेकांनी फोटोतच पाहिलेली असते. स्मिथसनने जेटीवर स्वतःच सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट केला होता. कॅमेरा हा या कलेतला जुनाच भागीदार आहे. आपल्याकडे चाळीसगावच्या केकी मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रं आठवा: टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तू, नेमका प्रकाश, आणि फोटोत अख्खं निसर्गदृश्य. मांडणी कॅमेऱ्यासाठीच आहे. तेव्हा ‘चित्रपट फार चित्रमय आहे’ ही टीका इथे जपून करावी. काय चित्रमय आहे आणि कशासाठी, ते सांगावं लागेल.

आता प्रत्यक्ष बघताना. पहिली परीक्षा वजनाची. बसाल्टची घनता पाण्याच्या साधारण २.९ पट. म्हणजे एक फूट लांब, रुंद आणि उंच असा धोंडा ८० किलोच्या घरात जातो. दीड फुटाचा घेतला तर पावणेतीनशे किलो. नटीने असा धोंडा एकटीने कमरेपर्यंत उचलला की समजायचं, फायबरचा किंवा थर्माकोलचा आहे. खरा दगड उचलताना माणूस आधी तो एका कडेवर उभा करतो, गुडघे वाकवतो, दगड मांडीला टेकवतो, मग उठतो. बोटांची टोकं दाबली जाऊन पांढरी पडतात आणि ठेवताना शेवटची दोन इंचं तो हातातून निसटतो. खोटा दगड ठेवताना हात शेवटपर्यंत हळुवार राहतात. हे एकदा कळलं की दिसायचं थांबत नाही.

दुसरी परीक्षा रचण्याची. चुना-सिमेंट न घालता रचलेल्या भिंतीत सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही: एका दगडावर दोन, दोनावर एक. दगडाची लांब बाजू भिंतीच्या पोटात जाते, दर्शनी बाजूला आखूड तोंड. मधल्या पोकळीत चिपा ठासतात, नुसती माती भरत नाहीत, कारण पहिल्या पावसात माती वाहून जाते आणि भिंत पोटातून खचते. आणि काळ्या मातीवर पाया न खोदता काही रचायचंच नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं सगळं वाकडं होतं. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. पडद्यावरची कलावंत चाळीस वर्षं हेच काम करतेय असं सांगितलंय आणि ती काळ्या रानात उभ्या सांध्यांची भिंत चढवतेय, तर कलाविभागाने अभ्यास केलेला नाही. शहरी समीक्षकाच्या हे नजरेतून सुटतं. जळगाव-धुळ्याच्या प्रेक्षकाच्या सुटणार नाही, आणि तुमच्या परीक्षणाचं खरं भांडवल हेच आहे. शेताचा बांध, नाल्याची पिचिंग, पांझरा नदीवरच्या फड पद्धतीचे (गावाने मिळून पाणी वाटून घ्यायच्या) जुने बंधारे बघितलेला माणूस दगडाची रचना वाचू शकतो. धुळे-नंदुरबारकडे पूर्व-पश्चिम धावणाऱ्या काळ्या दगडाच्या नैसर्गिक भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, त्या बघत मोठा झालेला माणूस माळावरची रेषा बघून उगाच भारावतही नाही.

तिसरी परीक्षा प्रकाशाची, आणि इथे समीक्षक हमखास फसतात. जमिनीवर चार इंच उंचीचा मातीचा वरंबा काढला तर सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असताना त्याची सावली जवळजवळ दोन फूट पडते. सूर्य ऐंशी अंशांवर असताना पाऊण इंचसुद्धा नाही. मेच्या अखेरीस जळगावात भर दुपारी सूर्य इतका माथ्यावर असतो की सावली पायाखालीच गोळा होते. म्हणून जमिनीवरची कला सकाळ-संध्याकाळच नीट दिसते आणि छायाचित्रकार तेव्हाच कॅमेरा काढतो. ‘प्रत्येक दृश्य सोनेरी’ म्हणून कौतुक होतं, ते मात्र फसवं. काम तर दुपारीही चाललेलं असतं. सपाट, पांढऱ्या उन्हात, जेव्हा आपण काय करतोय हे कलावंताला स्वतःलाही नीट दिसत नाही, ती दुपार चित्रपटात आहे का? नसेल तर तो पर्यटन खात्याच्या जाहिरातीच्या जवळ गेला, मग टक्के कितीही असोत.

ध्वनीचं चटकन सांगतो. बसाल्टवर बसाल्ट आपटला की खणखणीत आवाज येतो. तोच दगड नीट बसला की आवाज बोदा होतो. दर वेळी एकच ‘टण’ ऐकू येत असेल तर तो स्टुडिओतून चिकटवलेला आहे.

संथपणा मोजता येतो, तेव्हा मोजा. मधली कुठलीही दहा मिनिटं घ्या आणि किती वेळा दृश्य तुटतं ते रेघा ओढून मोजा. ६०० सेकंद भागिले तुकड्यांची संख्या, म्हणजे सरासरी शॉटची लांबी. आजच्या मुख्य धारेत ती साधारण चार-पाच सेकंद असते. तुमच्या चित्रपटात २५ आली तर संथ म्हणणं रास्त, पण त्याने निकाल लागत नाही. पुढचा प्रश्न: लांब शॉटच्या शेवटी, सुरुवातीला नव्हतं असं काही आहे का? दगड बसला, रेषा वाकली, ढग आला, बाई दमली, काहीही. बदल असेल तर तो वेळ कमावलेला. कलावंत क्षितिजाकडे बघतेय, वारा केस उडवतोय, चाळीस सेकंद तेच चाललंय आणि मागे पियानो, तर ‘कंटाळवाणा’ म्हणणारा प्रेक्षक बरोबर आहे आणि ‘चिंतनशील’ म्हणणारा समीक्षक भिडस्त. अशा चित्रपटांची तुलना नेहमी लँड आर्ट करणाऱ्या ब्रिटिश कलावंत अँडी गोल्ड्सवर्दीवरच्या २००१ च्या ‘रिव्हर्स अँड टाइड्स’ या माहितीपटाशी होते. त्यात भरतीच्या आधी उभी करायची दगडांची शंकूसारखी रास पुन्हा पुन्हा कोसळते. ते कोसळणं खरं आहे. कथापटाला ते ठरवून घडवावं लागतं, आणि ठरवलेलं दिसलं की खेळ खलास. तरीही तुलना अर्ध्यापर्यंतच न्यावी. माहितीपटाला मुलीशी भांडण रचावं लागत नाही.

आणि जमीन कुणाची? अमेरिकेतल्या या कलेवर पुढे जी टीका झाली तिचा मोठा भाग हाच होता: मोकळं वाळवंट म्हणून ज्यात रेघा ओढल्या ती मूळ रहिवाशांची भूमी होती, आणि बुलडोझर चालवणाऱ्यांची नावं फलकावर नव्हती. चित्रपटात मजूर चौकटीत येतात का, बोलतात का, की नुसतेच पाठमोरे? हा मुद्दा आपल्याकडे आणखी टोचतो. महाराष्ट्रात नाल्यातून मुरूम-दगड उचलायचा तर गौण खनिजाची परवानगी लागते, तहसीलदाराकडे रॉयल्टी भरावी लागते. गायरानावर काही उभारायचं तर ग्रामपंचायत आडवी येते. परदेशी चित्रपटाला सातबारा विचारू नये हे खरं, पण त्या देशातला तलाठीसुद्धा तिथे असणारच. दोन तासांत तो एकदाही आला नाही, तर दिग्दर्शकाला जमीन निव्वळ पार्श्वभूमी म्हणून हवी आहे.

एवढं सगळं दिसायचं तर खेळ नीट व्हायला हवा. बारा फूट रुंद पडद्यावर चित्र साडेसहा फूट उंच, म्हणजे ७८ चौरस फूट. थिएटरचं प्रमाण १४ फूट-लँबर्टचं (पडद्याच्या उजळपणाचं माप), त्या हिशेबाने प्रत्यक्षात ११०० ल्युमेन प्रकाश पडद्यापर्यंत पोचायला हवा. खोक्यावर ३००० लिहिलेला प्रोजेक्टर सिनेमा मोडमध्ये बऱ्याचदा निम्म्यावर येतो, म्हणजे जेमतेम निभतं. चित्र २.३९ प्रमाणाचं (रुंदी उंचीच्या २.३९ पट) असेल तर पॅनेलचा चौथा हिस्सा काळ्या पट्ट्यांत वाया जातो. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र कीस्टोन या सेटिंगने सरळ करू नका, बारीक खडे आणि गवत भुरकट होतं. आणि कूलर! अशा चित्रपटाचा निम्मा ध्वनी वारा, पावलं आणि श्वास. डेझर्ट कूलरच्या घरघरीखाली तो पुरता बुडतो, मग प्रेक्षक म्हणणारच की काही ऐकूच आलं नाही. उन्हाळ्यात खेळ असेल तर सभागृह आधी तासभर गार करा, दिवे मालवताना कूलर बंद, पंखे सगळ्यात कमी वेगावर. जमलं तर खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवा. ओटीटीचं घरगुती सदस्यत्व सार्वजनिक खेळाला चालत नाही, वितरकाची लेखी परवानगी घ्या.

चर्चेत ‘आवडला का’ विचारू नका. पहिला माणूस जे बोलेल तेच बाकीचे घोळवतात. ‘कोणतं काम तिला जमलं नाही असं वाटतं?’ हे विचारा. गवंडी, शेतकरी, शेतात जेसीबी चालवणारी मुलं बोलावली असतील तर त्यांना आधी बोलू द्या, अहिराणीत बोलू द्या. तिथून परीक्षणाचे दोन परिच्छेद आयते मिळतील.

लिहिताना सातशे शब्द पुरे. कथानकाला शंभरापेक्षा जास्त देऊ नका. तीनशे शब्द कामाला: ती काय बांधते, कशाने, ते पडद्यावर खरं वाटतं का, एक शॉट नेमका उचलून सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगा. उरलेल्यात अभिनय, ध्वनी आणि तुमचा निवाडा. ‘तरल’, ‘संयत’, ‘नितांतसुंदर’ ही विशेषणं पहिल्या खर्ड्यात येणारच. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाच्या जागी ती ज्या दृश्यामुळे सुचली ते दृश्य लिहा. दृश्य आठवत नसेल तर विशेषण काढून टाका. काम शेवटी टिकतं की वाहून जातं, हे फोडायला हरकत नाही असं माझं मत. लँड आर्टच्या चित्रपटात ते रहस्य नसतंच, काम कसं जातं एवढंच बघायचं उरतं. मात्र मुलगी परत येते की नाही, ते सांगू नका. संपादक ताऱ्यांसाठी अडून बसले तर अर्धे तारे वापरू नका, तीन किंवा चार असा कौल द्या, आणि चार दिले तर कोणत्या शॉटसाठी दिले ते त्याच ओळीत लिहा.